कढई वेगळी आहे का? पुण्याच्या फूड कोर्टात शाकाहारी जेवायला जाताना

बार्शीहून नोकरीसाठी पुण्यात आले, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. आमच्या घरी माळ आहे. आजोबांपासून सगळे माळकरी, त्यामुळे मटण-मासे सोडाच, अंडंही कधी आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. हिंजवडीत ऑफिसजवळच्या फूड कोर्टात मी व्हेज फ्राइड राइस मागवला. चार घास झाल्यावर भातात पिवळसर, मऊ तुकडे लागायला लागले. आधी वाटलं, पनीर कुस्करून घातलं असेल. मग उठून काउंटरवर गेले आणि विचारलं. भात परतणारा मुलगा अगदी साधेपणाने म्हणाला, "अंडा है मॅडम, चिकन नहीं डाला."

तो मला फसवत नव्हता. त्याच्या लेखी चिकन नाही म्हणजे व्हेज. आणि मी तरी काय विचारलं होतं? "व्हेज आहे ना?" या प्रश्नाला पुण्यातल्या कुठल्याही काउंटरवर एकच उत्तर मिळतं, "हो, व्हेजच आहे." त्या दिवसानंतर हळूहळू मी पदार्थाबद्दल कमी आणि भांड्याबद्दल जास्त विचारायला लागले. कढई कुठली, तवा कुठला, झारा कुठला. शिकायला, नोकरीला नव्याने पुण्यात येणारी गावाकडची मुलं-मुली मला हेच विचारत असतात, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून काढते आहे.

पहिली पायरी: आपली रेघ घरीच ठरवा

शाकाहारी हा शब्द एकच असला तरी माणसागणिक त्याचा अर्थ बदलतो. कुणाला ताटात मांस-मासे नसले की पुरतं. कुणाला अंडं चालत नाही. कुणाला चिकन तळलेल्या तेलातली भजी चालत नाहीत. कुणाला कांदा-लसूणही नको. आणि काही जण, जसे माझे वडील, मांस शिजतं त्या स्वयंपाकघरातलं पाणीसुद्धा घेत नाहीत.

यातलं काहीही चूक नाही. फक्त तुमची रेघ नेमकी कुठे आहे हे काउंटरवर उभं राहून ठरवू नका. पुढे भूक असते, मागे रांग असते आणि माणूस "चालेल, चालेल" म्हणून मोकळा होतो. मग संध्याकाळभर मन खात राहतं. माझी रेघ अशी: अंडं नको, तळणीचं तेल आणि तवा वेगळा हवा, पण शेजारच्या गाळ्यात चिकन शिजत असेल तर हरकत नाही. वडील पुण्याला आले की त्यांची रेघ पाळायची, कारण जेवायला आम्ही एकत्र बसतो.

अंड्याबद्दल कायदा स्पष्ट आहे, तो माहीत असलेला बरा. पाकीटबंद खाद्यपदार्थांच्या लेबलच्या नियमांत अंडं मांसाहारात धरलं आहे. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. तपकिरी चौकोनात आता तपकिरी त्रिकोण असतो. पूर्वी तिथेही गोल ठिपकाच होता, पण ज्यांना रंगातला फरक ओळखू येत नाही त्यांची पंचाईत व्हायची, म्हणून आकार बदलला. दूध-तूपही न खाणाऱ्यांसाठी इंग्रजी व्ही अक्षराचं हिरवं वीगन चिन्ह वेगळं आहे. ही चिन्हं पाकिटावर बघायची. काउंटरवर गरम करून मिळणाऱ्या पदार्थाच्या बाबतीत मात्र विचारूनच खात्री करावी लागते.

दुसरी पायरी: जागा ओळखा

पुण्यात "फूड कोर्ट" म्हणून जे काही असतं ते सगळं एका जातीचं नाही. विमाननगर, हडपसर, वाकड इथल्या मॉलमधली मोठी फूड कोर्टं आणि हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्याच्या आयटी पार्कातली, यांची रचना साधारण सारखी. मध्ये बसायच्या खुर्च्या, कडेने दहा-पंधरा गाळे, प्रत्येकाचं छोटं स्वयंपाकघर. काही ठिकाणी आधी कार्ड घेऊन त्यात पैसे भरावे लागतात, काही ठिकाणी थेट काउंटरवर यूपीआय चालतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: ताटं आणि चमचे बऱ्याचदा सगळ्या गाळ्यांचे मिळून एकाच ठिकाणी धुतले जातात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी कागदी प्लेट मागावी किंवा पार्सल घ्यावं. मी बॅगेत एक स्टीलचा चमचा ठेवते. एवढ्याशा चमच्याने माझे बरेच प्रश्न मिटले आहेत.

दुसरा प्रकार उघड्यावरचा, खाऊगल्ली किंवा चौपाटी. सारसबागेजवळची चौपाटी पावभाजीसाठी सगळ्यांना ठाऊक आहे. इथे फायदा असा की स्वयंपाक तुमच्या डोळ्यांसमोर होतो. तव्यावर काय चाललंय हे विचारायचीही गरज पडत नाही, दोन मिनिटं उभं राहिलं की दिसतं. कॉलेजांच्या आसपासच्या गल्ल्यांत मात्र संध्याकाळी सात-साडेसातनंतर अंडाभुर्जीच्या गाड्या लागतात, आणि कधी एकाच गाडीवर दुपारी डोसा, रात्री ऑम्लेट असा प्रकार असतो. तवा तोच.

तिसरा प्रकार जत्रेतला. डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते, तिथे गावोगावच्या बचत गटांच्या महिला येतात. थालीपीठ, मांडे, पुरणपोळी, पिठलं-भाकरी, शेंगोळी असलं जेवण करणाऱ्या हातांकडून थेट मिळतं. मटणाच्या चुलीही असतात. पण इथल्या मावशींना कढईबद्दल विचारलं की त्या मनापासून सांगतात, कारण हा प्रश्न त्यांच्या घरातही रोजचा असतो.

तुमची रेघ वडिलांसारखी कडक असेल तर मी सरळ सांगते, मिश्र फूड कोर्टात जाऊच नका. पुण्याच्या पेठांमध्ये पूर्ण शाकाहारी खाण्याची इतकी सोय आहे की तडजोड करायचं कारण नाही. नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ आहे, जिच्याबरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो. तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवन आहे. मात्र मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे हे ध्यानात ठेवा. जुन्या पुण्यातल्या कित्येक जागा दुपारी बंद असतात, तीन वाजता तिथे जाऊन दार वाजवण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी: रांगेत लागण्याआधी एक फेरी

फूड कोर्टात शिरल्या शिरल्या पहिल्या गाळ्यावर उभं राहू नका. एक पूर्ण फेरी मारा. पाच मिनिटं लागतात.

पाटी आधी वाचा. "शुद्ध शाकाहारी" किंवा "प्युअर व्हेज" असं ठळक लिहिलेला गाळा सापडला तर अर्धं काम झालं. नसेल तर मेनूची शेवटची ओळ वाचा, चिकन बहुतेक तिथेच, बारीक अक्षरात असतं. मग काउंटरच्या बाजूने आत बघा. कढया किती? दोन असतील तर विचारण्याजोगं काही आहे. एकच असेल आणि मेनूवर चिकन लॉलीपॉप असेल, तर व्हेज मंचुरियन कुठल्या तेलात तळलं जातं हे सांगायला ज्योतिषी नको.

एक युक्ती मला एका सहकारी ताईंनी शिकवली. फूड कोर्टात कधी कधी दोन-तीन पाट्यांमागे स्वयंपाकघर एकच असतं. पाटी एक पंजाबी, दुसरी चायनीज, तिसरी बिर्याणीची, पण भांडी आणि आचारी तेच. हे ओळखायचं कसं? अन्नसुरक्षेचा परवाना किंवा नोंदणी क्रमांक चौदा अंकी असतो आणि १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. गाळ्यातही तो लावलेला असायला हवा. दोन पाट्यांवर एकच चौदा अंकी क्रमांक दिसला तर दोन्हींचं घर एकच समजा. मग "हा गाळा फक्त व्हेजचा आहे" या पाटीला तेवढाच अर्थ उरतो.

वेळही बघा. दुपारी एक ते दोन या तासाभरात आचाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते आणि घाईत झारा इकडचा तिकडे होतोच. साडेबाराला गेलात तर तेल ताजं असतं, भांडी स्वच्छ असतात आणि समोरचा माणूस तुमच्याशी दोन वाक्यं बोलू शकतो.

चौथी पायरी: विचारायचं कुणाला आणि कसं

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. इथेच आपली मुलं-मुली संकोचतात. "इतकं विचारलं तर त्यांना राग येईल", "मागचे लोक काय म्हणतील". मी सुद्धा पहिली दोन वर्षं याच संकोचात काढली आणि त्या काळात काय काय पोटात गेलं असेल याचा हिशोब नाही. विचारणं हा ग्राहकाचा साधा हक्क आहे. नीट बोलून विचारलं तर आजवर मला कुणी झिडकारलेलं नाही.

पैसे घेणाऱ्याला विचारू नका, शिजवणाऱ्याला विचारा. गल्ल्यावरच्या माणसाला बहुतेक वेळा कढईचं काही माहीत नसतं. तो "हो" म्हणतो आणि टोकन हातात देतो. पैसे देण्याआधी दोन पावलं बाजूला सरकून आचाऱ्याशी बोला.

प्रश्नाच्या शेवटी "ना" लावू नका. "तेल वेगळं आहे ना?" असं विचारलं की समोरच्याने "हो" म्हणावं अशी तजवीज आपणच केलेली असते. त्याऐवजी "दादा, भजी कुठल्या तेलात तळता?" असं विचारा. याला हो-नाही करता येत नाही, त्याला कढई दाखवावीच लागते. "मोमो कुठल्या भांड्यात वाफवता?", "हा सॉस कशाचा?", "ग्रेव्ही कुठल्या डावाने वाढता?" असे उघडे प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

वयाने मोठ्या असलेल्यांना काका, मावशी, बरोबरीच्यांना दादा, ताई म्हणा. आपल्याकडे यानेच अर्धं काम होतं. फूड कोर्टातले बरेचसे आचारी उत्तरेतून, नेपाळमधून, ईशान्येकडून आलेले असतात. तिथे हिंदीत, सावकाश, एकेक गोष्ट वेगळी करून सांगा: "भैया, अंडा नहीं, चिकन नहीं, मछली नहीं. तेल और तवा अलग चाहिए. हो पाएगा?" नुसतं "व्हेज" म्हणू नका, नावं घ्या. माझ्या त्या फ्राइड राइसच्या दिवशी मी "अंडा नहीं" हे दोन शब्द उच्चारले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

वडील एकदा आले होते तेव्हा आम्ही एका प्रदर्शनातल्या स्टॉलवर गेलो. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात जोडले आणि भाकरी थापणाऱ्या बाईंना म्हणाले, "माउली, पिठलं कशात केलंय? आमच्याकडं माळ आहे." त्या बाईंनी काहीही न विचारता कोपऱ्यातलं धुतलेलं पातेलं घेतलं आणि दोन माणसांपुरतं पिठलं नव्याने हाटलं. दहा मिनिटं थांबावं लागलं, एवढंच. वारीच्या वाटेवर जसं बोलतात तसंच ते पुण्यात बोलले आणि समोरच्याला ते लगेच कळलं.

पाचवी पायरी: कुठल्या काउंटरवर काय बघायचं

मराठी पदार्थांचा काउंटर सगळ्यात निर्धास्त. थालीपीठ, कोथिंबीर वडी, मटार उसळ, भरली वांगी, पिठलं-भाकरी, अळूची भाजी यांच्यात लपवायला जागाच नाही. खानदेशी शेवभाजी दिसली तर जरूर घ्या, पण तिखट सोसत असेल तरच. फक्त त्याच गाळ्यावर मटणाचा रस्सा असेल तर रश्श्याचा डाव आणि वाटणाचं मिक्सरचं भांडं यांची चौकशी करा. मिसळीत "सॅम्पल" म्हणजे वरून मिळणारा रस्सा. तो बहुतेक जागी पुन्हा मागता येतो, लाजू नका.

चाटचा काउंटरही चांगला. भेळ, दाबेली, आणि पुण्यात सगळीकडे मिळणारी एसपीडीपी, म्हणजे शेव-पोटॅटो-दही-पुरी. इथे काळजी शाकाहाराची कमी, पाण्याची जास्त. त्याबद्दल पुढे सांगते.

दक्षिणेकडच्या काउंटरवर इडली, वडा, उपमा यांत अडचण नसते. डोशाच्या वेळी मात्र मेनूत "एग डोसा" किंवा ऑम्लेट आहे का ते बघा. असेल तर तव्याचा प्रश्न येतो. बहुतेक आचारी तवा पाणी मारून, पुसून देतात. ते तुम्हाला पुरेसं आहे का हे पुन्हा तुमच्या रेघेवर.

पावभाजीच्या तव्यावर तवा पुलावही होतो, दोन्ही शाकाहारी. त्यामुळे नुसत्या पावभाजीचा गाळा असेल तर काहीच विचारायची गरज नाही.

पंजाबी काउंटरवर मामला थोडा गुंतागुंतीचा होतो. मखनी ग्रेव्ही बहुधा एकदाच मोठ्या पातेल्यात केलेली असते आणि तीच पनीर बटर मसाल्यालाही जाते, बटर चिकनलाही. पातेल्यातली ग्रेव्ही शाकाहारीच असते, अडचण डावाची आणि परतायच्या कढईची. पनीर टिक्का मागताना सळया वेगळ्या आहेत का, तंदूर एकच आहे का, हे विचारा. नानच्या पिठात काही जण अंडं घालतात, म्हणून मी तिथे तंदुरी रोटी घेते. गव्हाचं पीठ, मीठ, पाणी, विषय संपला. डाळ, जिरा राइस आणि रोटी हे पंजाबी काउंटरवरचं सगळ्यात सरळ जेवण आहे.

बिर्याणीबद्दल माझं मत ठाम आहे. जिथे चिकन दम बिर्याणी मुख्य आहे तिथली व्हेज बिर्याणी घेऊ नका. भात एकाच पातेल्यातून काढून वर भाज्या लावल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

आता चायनीज. इथे सगळ्यात जास्त चूक होते, म्हणून जरा थांबून वाचा. फ्राइड राइस आणि नूडल्समध्ये अंडं सवयीने घातलं जातं. एकाच कढईत मोठ्या आचेवर एकामागून एक प्लेट परतली जाते आणि मधे कढईला फक्त पाण्याचा फवारा मारून ब्रश फिरवतात. मंचुरियनचे गोळे आणि चिकन लॉलीपॉप एकाच तेलात जाऊ शकतात. सुपाला चव यावी म्हणून चिकनचा स्टॉक किंवा त्याची पावडर पडू शकते. ऑयस्टर सॉस म्हणजे कालवांचा सॉस, फिश सॉस म्हणजे मासळीचा. नावात मासा असूनही घाईत तो कुणाच्या लक्षात येत नाही. थाई करीच्या तयार वाटणात बऱ्याचदा कोळंबी असते, कोरियन किमचीत मासळीचा सॉस असू शकतो, वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे छोटे मासे असू शकतात. तुम्ही फक्त बाटली दाखवायला सांगा. बाटलीवर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, हे बघायला दोन सेकंद लागतात.

मोमोंचं भांडं थरांचं असतं. वरच्या थरात चिकनचे आणि खालच्या थरात व्हेजचे असतील तर वाफेचं पाणी वरून खाली ठिबकतं. हे समजायला मला बराच काळ लागला. व्हेजचं भांडं पूर्ण वेगळं असेल तरच घ्या. चिमटाही वेगळा आहे ना ते डोळ्यांनी बघा.

बर्गर-पिझ्झाच्या मोठ्या साखळ्यांत तुलनेने शिस्त असते. मॅकडोनाल्ड्सने १९९६ मध्ये भारतात पहिलं दुकान उघडलं तेव्हापासून शाकाहारी आणि मांसाहारी रांधण्याच्या जागा वेगळ्या ठेवल्या आहेत आणि त्यांचं मेयोनीज बिनअंड्याचं आहे. छोट्या गाळ्यांवर मेयोनीज, शोरमाचा पांढरा सॉस, सँडविचचं स्प्रेड यांच्या डब्यावरचं चिन्ह बघून घ्या. पिझ्झा कापायचं चाक बऱ्याचदा सगळ्यांना एकच असतं, म्हणून मी न कापता मागते आणि हाताने तोडते. चीजबद्दल खूप जण विचारतात. आपल्याकडच्या नियमांत चीज प्राण्यांपासून न मिळवलेल्या रेनेटने (म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाने) करायचं असतं, त्यामुळे हिरवा ठिपका असलेल्या देशी चीजची काळजी नको.

गोडात दोनच सूचना. केक, पेस्ट्री घेताना "एगलेस" असं लिहिलेलं हवं, तोंडी उत्तरावर जाऊ नका. आणि जेली, पुडिंग, मूस, मार्शमॅलो यांत जिलेटिन असू शकतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून निघतं. चायना ग्रासची जेली समुद्रशेवाळाची असते, ती चालते. बाकी उन्हाळ्यात आंबा मस्तानी पुण्यात येऊन प्यायली नाही तर मात्र मी तुमच्यावर रागवेन.

उपवासाचा दिवस आणि जैन जेवण

एकादशी, चतुर्थी, श्रावणातले वार. पुण्यात साबुदाणा खिचडी आणि साबुदाणा वडा जवळजवळ कुठेही मिळतो. पण वड्याचं तेल? ज्या कढईत सकाळपासून बेसनातला बटाटावडा तळला गेला, त्याच तेलात साबुदाणा वडा सोडला तर शाकाहार शाबूत राहतो, उपवास राहत नाही. "मावशी, उपवासाचं तेल वेगळं आहे का?" हा प्रश्न विचारायला कुणालाच विचित्र वाटत नाही. खात्री नसेल तर तळलेलं सोडून खिचडी घ्या. तुमच्या घरी उपवासाला जिरं, कोथिंबीर चालत नसेल तर तेही आधी सांगा, कारण पुण्यात बऱ्याच ठिकाणी ती घातली जाते. बरोबर राजगिऱ्याची वडी किंवा केळं ठेवलं की अडत नाही.

जैन जेवण हवं असेल तर "जैन बनवून मिळेल का?" एवढं विचारलं की आचाऱ्याला कळतं. पावभाजीत बटाट्याऐवजी कच्ची केळी घालतात आणि ती छान लागते. पंजाबी काउंटरवर मात्र ग्रेव्ही आधीच कांदा-लसणाची केलेली असते. तिथे "जैन" म्हणून काय मिळणार आहे हे नीट विचारून घ्या.

पाणी, चटणी, तेल

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि पाण्याच्या शुद्धतेची चर्चा घरोघर झाली. तेव्हापासून मी एक नियम केला आहे: जे गरम, वाफाळतं आहे ते खायचं, जे कच्च्या पाण्यात कालवलेलं आहे त्याची चौकशी करायची. पाणीपुरीचं पाणी, हिरवी चटणी, कापून ठेवलेली काकडी, उसाच्या रसातला बर्फ. पावसाळ्यात तर यांना सरळ नमस्कार. भेळ कोरडी मागितली की चिंचेची चटणी वगळता येते.

तळणीचं तेल काळं, फेसाळ आणि उग्र वासाचं असेल तर पदार्थ शुद्ध शाकाहारी असला तरी घेऊ नका. वापरलेल्या तेलाची मर्यादाही कायद्याने ठरवलेली आहे: तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात वाढत जाणाऱ्या ध्रुवीय संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते स्वयंपाकाला वापरायचं नाही. आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं, पण नाक असतं. आणि वडापाव वर्तमानपत्राच्या कागदात देत असतील तर स्वतःचा डबा पुढे करा. छापील शाई अन्नाला लागते आणि २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांनी याला मनाई केलेली आहे. डबा बाळगायची सवय असली की पार्सलच्या पिशवीचाही प्रश्न उरत नाही.

ताट हातात आलं आणि शंका आली तर

पहिला घास घेण्याआधी चमच्याने भात, भाजी जरा हलवून बघा. टोकनवर "व्ही" किंवा "व्हेज" लिहिलंय का, ते टोकन तुमचंच आहे का, हे बघा. गर्दीत ताटांची अदलाबदल होते आणि पनीर चिली व चिकन चिली लांबून सारखीच दिसतात.

चुकीचं आलंच तर ताट तसंच ठेवा, मोबाईलवर एक फोटो काढा, बिल हातात घ्या आणि काउंटरवर जा. आवाज चढवू नका. "मी व्हेज मागितलं होतं, यात अंडं आहे, बिल हे" एवढं पुरे. बहुतेक ठिकाणी लगेच बदलून देतात किंवा पैसे परत करतात. बदलून घेताना त्याच कढईतून पुन्हा येणार असेल तर पैसेच परत मागा. ऐकलं नाही तर फूड कोर्टाच्या व्यवस्थापकाला भेटा, गाळे भाड्याने दिलेले असले तरी जागेची जबाबदारी सांभाळायला कुणीतरी असतंच. त्यापुढे फूड सेफ्टी कनेक्ट या ॲपवर तक्रार नोंदवता येते आणि ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रारीला बिलावरचा तो चौदा अंकी क्रमांक लागतो, म्हणून बिल फेकून देऊ नका. बिलात सेवा शुल्क लावलं असेल तर ते काढायला सांगता येतं. ते देणं ऐच्छिक आहे, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच स्पष्ट केलं आहे.

जिथे नीट उत्तर मिळालं, कढई उघडून दाखवली, तिथे पुन्हा जा आणि त्या माणसाला ओळख द्या. माझ्या ऑफिसखालच्या गाळ्यावरचे काका आता मला बघितलं की न सांगता दुसरा तवा खाली उतरवतात. असे दोन-तीन गाळे सापडले की रोजच्या जेवणाची चिंता मिटते. तुमच्यानंतर गावाकडून येणाऱ्या मुलांना त्यांचा पत्ता सांगा, आणि कार्डवाल्या फूड कोर्टातून निघताना शिल्लक रक्कम तेवढी परत घ्या.